लंबासाची रांग

घर विकलं गेलं त्या दिवसापासून धनमतीने नवऱ्यामागे एकच टुमणं लावलं होतं. भांडी बांधताना, पडदे उतरवताना, चहा ओततानासुद्धा तेच. "अहो, जायच्या आधी त्या माणसाशी बोला."

बिसेसर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. तशी त्याची सोयच होती. कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं की बायकोचा आवाज शेजारच्या घरात नळ सोडल्यासारखा लांबून यायचा. पण शेहेचाळीस वर्षं संसार केलेली बाई ती. यंत्र खिशात गेलेलं दिसलं की समोर येऊन उभी राहायची आणि तोंड मोठं करून एकेक अक्षर सुटं करत म्हणायची, "रा-म-सु-मे-र."

"कळलं," बिसेसर म्हणायचा.

"कळून एकोणीस वर्षं झाली. वळत नाही."

मार्च निम्मा सरला होता. प्रिन्स जॉर्ज, उत्तरेकडचं ते गिरण्यांचं गाव, अजून बर्फाखालीच होतं, पण दुपारी छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं होतं आणि रस्त्याच्या कडेचे ढीग काळे पडले होते. महिनाअखेर अश्विन, त्यांचा मुलगा, ट्रक घेऊन येणार होता आणि आईवडिलांना दक्षिणेला नऊ तासांवरच्या सरे शहरात आपल्या घरी नेणार होता. त्यात कुणाला नवल वाटलं नव्हतं. लाकडाची एकेक गिरणी बंद पडली की फिजीवाल्यांची चार-पाच घरं दक्षिणेला जायची. कधीकाळी मंदिरात साठ घरं होती. आता चौदा उरली होती आणि मंगळवारच्या रामायणाला बसलं की तीच जुनी चटई दरवर्षी मोठी होत चालल्यासारखी वाटायची.

गुरुवारी प्रनीताचा फोन आला. ती इथल्या इस्पितळात परिचारिका होती आणि मंदिराची चिटणीसही. तिचा जन्म याच गावचा. तिच्या सहाव्या दिवसाच्या छठीला बिसेसरनेच ढोलक वाजवला होता.

"काका, शनिवारी होळीचा फगवा. तुमचा आणि काकींचा निरोपही त्यातच उरकून घेऊ."

"उरकून?"

"प्रेमाने हो, काका! स्पीकरवर गाणी लावू, कॉलेजची मुलं नाचतील, बाहेर रंग खेळतील, मग जेवण. आणि काळजी करू नका, रामसुमेर काकांना मी विचारलंय. ते येणार नाहीयेत."

बिसेसरने फोन ठेवला. ही पोर इतक्या सहज बोलून गेली होती. एकोणीस वर्षं अख्ख्या मंदिराने दोन म्हाताऱ्यांना एकमेकांसमोर येऊ न देण्याची व्यवस्था सांभाळली होती. मंगळवारचं रामायण बिसेसरचं, रविवारची आरती रामसुमेरची. रामनवमीला एकाने सकाळी यायचं, दुसऱ्याने संध्याकाळी. कुणी कधी तसं ठरवलं नव्हतं. नदीतला दगड चुकवून पाणी जातं तसं सगळं होत गेलं होतं.

*

दोघं आले होते बहात्तर सालच्या एकाच शरदात. बिसेसर फिजीतल्या लंबासाचा, उसाच्या मळ्यातला. रामसुमेर दुसऱ्या बेटावरच्या बा गावचा, तोही उसातलाच. भेटले ते गिरणीत, ओल्या फळ्या ओढायच्या कामावर. पहिला हिवाळा दोघांनी एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, काढला. दोघांत मिळून जाड कोट एकच होता. बिसेसर तो घालून दिवसपाळीला जायचा, परत आला की फाटकातच काढून रामसुमेरच्या अंगावर चढवायचा. "आत गरम आहे अजून," तो म्हणायचा. रामसुमेर म्हणायचा, "लंबासाचा घामही आहे."

पुढच्या वर्षीचा फगवा त्याच ट्रेलरमध्ये झाला. सात माणसं, ढोलक नाही. खिळ्यांच्या रिकाम्या पेटीवर ठेका धरला होता. चौताल म्हणजे फगव्याचं गाणं; त्याला दोन रांगा लागतात. समोरासमोर बसायचं, एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलून परतवायची, आणि लय चढत चढत अशा ठिकाणी न्यायची की झांजा वाजवणाऱ्यांचे हात दिसेनासे व्हावेत. मग एकदम वळण. सगळं थांबून पुन्हा संथ सुरू. ते वळण दोन्ही रांगांनी एका श्वासात घ्यायचं असतं. एक रांग लंबासाची झाली, दुसरी बाची. शरयूच्या काठी राम रंग खेळतो, सीता सख्यांआड लपते, असं ते गात होते आणि बाहेर पारा उणे वीसवर होता. गाऊन झाल्यावर बाहेर पडून त्यांनी एकमेकांवर गुलाल उधळला. पांढऱ्या बर्फावर तो लालभडक सडा पाहून ट्रेलर-वस्तीचा रखवालदार धावत आला. कुणाचा खून झाला म्हणून विचारत होता. त्याच्या हातात गरम गुलगुले ठेवून त्यांनी त्याला गप्प केलं.

त्याच वर्षी दोघं फिजीला जाऊन लग्न करून आले. धनमती आणि रामसुमेरची कलावती बर्फावर चालायला एकमेकींचा हात धरून शिकल्या आणि एकमेकींवर पडून शिकल्या. चौऱ्याऐंशीला सगळ्यांनी मिळून ते जुनं लाकडी चर्च विकत घेतलं. बाकं काढली, रामदरबार मांडला, बायकांनी पडदे शिवले. हनुमानाच्या झेंड्याचा खड्डा ऑक्टोबरातच खणून ठेवावा लागतो, नंतर जमीन दगड होते, हे पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. झेंडा वसंतापर्यंत दाराशी टेकून उभा होता.

तिथले फगवे! देवदाराच्या फळ्यांची ती जमीन अशी दणाणायची की तळघरातल्या स्वयंपाकघरात कढया वाजायच्या. बायका जिन्यात येऊन उभ्या राहायच्या आणि शेरे मारायच्या. "बावाल्यांनी आज काय पिठलं खाल्लंय का? आवाज निघेना!" मंदिरातला चौताल झाला की मंडळी घरोघर जायची. प्रत्येक घरी एक चौताल, मग नगोन्याची, मुळं कुटून केलेल्या त्या पेयाची, एकेक वाटी, त्या मातकट पाण्याने जीभ बधिर झाली तरी पुढच्या घरी पुन्हा तीच जीभ.

आणि ढोलक लावायचा कुणी? बिसेसरने. मंजिऱ्या फिजीहून आल्या की वाजवून घ्यायच्या कुणी? बिसेसरने. "बिसेसरच्या कानाला विचारा," ही त्या मंदिरातली म्हणच झाली होती. पंडितजींचा श्लोक चुकला का, हेसुद्धा लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचे.

तो कान गिरणीच्या करवतीने खाल्ला. एका दिवसात नाही. आधी झांज गेली. हात हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही. एका वसंतात त्याला वाटलं, यंदा पक्षी परतलेच नाहीत. तसं तो धनमतीला म्हणाला. ती खिडकीत भांडी विसळत होती. तिने वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बाहेर झाडावर कलकलाट चालला होता.

गिरणीत दरवर्षी कान तपासायचे. त्या वर्षीचा कागद त्याने घडी करून मोज्यांच्या कप्प्यात ठेवला आणि धनमतीला मुलाची शपथ घातली. "कुणाला बोलायचं नाही. रामसुमेरला तर नाहीच."

"का पण? काय चोरी केलीय?"

"ढोलक कोण लावणार मग?"

चार वर्षं त्याने निभावून नेलं. ढोलकाचा घुमारा अजून पोटात कळायचा आणि बाकीचं तो रामसुमेरच्या ओठांवरून वाचायचा. समोरासमोर बसायचंच असतं. वळण जवळ आलं की रामसुमेरचा खालचा ओठ जरा पुढे यायचा. तेवढं पुरे होतं.

मग तो फगवा आला. मंडळी रामसुमेरच्या घरी होती. लय पार चढली होती. कलावती ताट घेऊन रांगांच्या मधून गेली. अळूच्या पानांच्या वड्या, म्हणजे सैना. तिच्या हातची सैना गावात नावाजलेली. दोन-तीन क्षण तिच्या साडीआड रामसुमेरचं तोंड झाकलं गेलं, आणि तेवढ्यात वळण आलं. सगळे थांबले. बिसेसर एकटाच, ओठ दिसेनात म्हणून डोळे मिटून अंदाजाने, भरधाव पुढे.

त्याने डोळे उघडले तेव्हा सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"लंबासाचा बैल!" रामसुमेर मांडीवर थाप मारून हसला. "वळण आलं तरी सरळ उसातच घुसला!"

सगळे हसले. अशा थट्टा हजारदा झाल्या होत्या आणि बिसेसरने त्याहून तिखट उत्तरं दिली होती. पण त्या दिवशी त्याने झांज खाली ठेवली, उठला आणि दाराशी गेला. फगव्याला, मांडलेला चौताल सोडून, यजमानाच्या घरचा घास न घेता. बुटांच्या ढिगातून हाताला लागले ते बूट घालून तो बाहेर पडला. एक त्याचा होता, एक दुसऱ्याच कुणाचा. कलावती अनवाणी पायऱ्या उतरून ताट घेऊन मागे धावली. "भैया, काय झालं? निदान एक तरी तोंडात टाका!"

तो थांबला नाही.

उद्या रामसुमेर येईल, असं बिसेसरला वाटत होतं. उद्या बिसेसर येईल, असं रामसुमेरला. पुढच्या फगव्याला लंबासाच्या रांगेला म्होरक्या नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी स्पीकर आणला.

सहा वर्षांपूर्वी कलावती गेली. बिसेसर अंत्यविधीला मागच्या रांगेत उभा राहिला आणि जेवण मांडायच्या आत घरी आला.

*

शुक्रवारी दुपारी बिसेसर कोट चढवून निघाला. धनमतीने विचारलं नाही, तोही बोलला नाही. दाराशी तिने फक्त त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. त्याने खिशातून यंत्र काढून कानात बसवलं.

रामसुमेर घरासमोर लोखंडी पहार घेऊन वाटेवरचा बर्फ फोडत होता. पाठीत वाकला होता. गेटचा आवाज ऐकून त्याने वर पाहिलं आणि पुन्हा पहार घातली.

"काय काम काढलं?"

"घर विकलं," बिसेसर म्हणाला.

"ऐकलं. गाव लहान आहे."

"सरेला चाललो."

"तिकडे पाऊस फार. छत्री घेऊन जा."

बर्फाचा एक तुकडा उडून बिसेसरच्या बुटाशी आला. त्याने येताना वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"वळण. तुझी रांग वळली, ते. मला झांज ऐकूच येत नव्हती. त्याआधी चार वर्षं येत नव्हती. तुझ्या तोंडाकडे बघून गात होतो मी. कलावती भौजी ताट घेऊन मधे आली, तू दिसेनासा झालास, आणि..." त्याने हाताने पुढचं दाखवलं. "सरळ उसात."

रामसुमेरची पहार थांबली.

"पुन्हा बोल."

बिसेसरने पुन्हा सांगितलं. या वेळी मोज्यांच्या कप्प्यातला कागदही सांगितला.

"म्हणजे तू माझ्यावर रागावला नव्हतास?"

"रागावलो होतो. कानावर."

"आणि उठून गेलास ते?"

"सगळे बघत होते. अजून क्षणभर बसलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं."

रामसुमेरने पहार बर्फात रोवली. त्याचा चेहरा लाल झाला होता. थंडीने की कशाने, ते कळत नव्हतं.

"तुला ठाऊक आहे कलावतीने काय केलं? ते ताट तीन दिवस ओट्यावर झाकून ठेवलं. भैया येतील म्हणाली. चौथ्या दिवशी मी फेकलं. मग तिच्या डोक्यात काय बसलं, सांगू? सैना घशाला खाजली असेल. पानं कच्ची राहिली असतील, तिने आदल्या घरी पाठवलेली तू खाल्ली असशील, घसा धरला म्हणून वळण चुकलं, आणि मी वर हसलो! दरवर्षी फगवा आला की तेच. 'अहो, माझ्या हातून पानं कच्ची राहिली का हो?' मी म्हणायचो, बाई, तुझं काही नाही, तो माणूसच गर्विष्ठ. पटायचं नाही तिला. त्यानंतर या घरात सैना झाली नाही. तेरा वर्षं. मरेपर्यंत नाही."

बिसेसरने बुटाशी पडलेला बर्फाचा तुकडा पायाने बाजूला सारला.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," रामसुमेर म्हणाला. "तिला सांगायला काय जात होतं तुझं? एक वाक्य! तिने कुणाला सांगितलं असतं?"

तो वळला, पायऱ्या चढला आणि आत गेला. दार आपटल्याचं बिसेसरला यंत्राशिवायही ऐकू आलं असतं.

घरी आल्यावर त्याने धनमतीला सगळं सांगितलं. सैनाचंही सांगितलं. ती खोक्यावर बसली होती, हातात वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेली बशी होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सैनाचं. ती मलाच विचारायची ना! दुकानात भेटली की, मंदिरात पुऱ्या लाटताना. 'दीदी, खरं सांग, पानं कच्ची होती का?' मी म्हणायचे, नाही गं, छान होती. ती म्हणायची, मग काय झालं? आणि मी गप्प. मुलाची शपथ होती ना माझ्यावर." तिने बशी बाजूला ठेवली. "इस्पितळात शेवटी शेवटी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा सांगावंसं वाटलं. पण तोवर तिला काही कळत नव्हतं. एवढे दिवस तुमच्या मागे लागले होते ती रामसुमेर भैयांसाठी नाही. माझ्यासाठी लागले होते."

बिसेसर तिच्याजवळ दुसऱ्या खोक्यावर बसला. त्याने ती बशी उचलली आणि उरलेला कागद गुंडाळून दिला.

*

शनिवारी मंदिराच्या दाराशी बुटांचा ढीग बऱ्याच वर्षांनी मोठा होता. कॉलेजात शिकायला आलेली पंचवीस-तीस मुलंमुली होती. कुणी गुजरातची, कुणी तेलंगणाची, दोघं नेपाळची. स्पीकर दणदणत होता. तळघरातून भोपळ्याच्या भाजीचा आणि तळणीतल्या पुऱ्यांचा वास येत होता. बिसेसरने यंत्राचा आवाज कमी केला आणि भिंतीशी खुर्ची घेऊन बसला. प्रनीताने दोघांच्या गळ्यात हार घातले, शाली दिल्या, चार शब्द बोलली आणि मधेच रडली. धनमती तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सरेला चाललोय गं, वर नाही."

तेवढ्यात दार उघडलं. थंड हवेचा झोत आला आणि पाठोपाठ रामसुमेर.

त्याने शांतपणे बूट काढले, टोपी काढली, देवासमोर डोकं टेकलं. मग प्रनीताकडे बघून स्पीकरकडे बोट केलं. "ते बंद कर."

गाणं मधेच तुटलं. नाचणारी मुलं थबकली. रामसुमेर चटईच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसला, बाजूच्या कपाटातून ढोलक काढायला त्याने कुणाला तरी खूण केली आणि समोरच्या मोकळ्या चटईकडे बघत म्हणाला, "बाची रांग ही. लंबासा कुठाय?"

बाच्या रांगेत आणखी दोन म्हातारे येऊन बसले. बिसेसर उठला. गुडघे कुरकुरले. तो समोर जाऊन बसला आणि त्याने डावीकडे, उजवीकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. लंबासाचे सगळे एक तर सरेला होते, नाही तर त्याहून लांब.

धनमती जिन्याजवळून आली आणि पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.

"काकी," प्रनीता हळूच म्हणाली, "चौतालात बायका..."

"लंबासाच्या रांगेत माणूस नाही. आणि मी काही सुव्हा शहरातली नाही, लंबासाचीच." तिने चटईवर थाप मारली. "तूही बस. तुझा बाप लंबासाचाच होता. ए पोरांनो, तुम्हीपण या. आजच्या दिवस लंबासाचे व्हा, पुढे कुठलेही व्हा."

पोरं हसत बसली. रामसुमेरने पहिली ओळ टाकली. त्याचा गळा गेला होता. आवाज वाळक्या बांबूसारखा चिरत होता. बिसेसरने ओळ उचलली. धनमतीचा आवाज त्याच्या आवाजाखाली सरळ, न चुकता चालला होता. जिन्यात उभं राहून सोळा वर्षं ऐकलेलं कुठे जाईल? मुलं शब्दांऐवजी नुसतं "हो" म्हणत ओढली जात होती, पण ताल धरत होती. नेपाळच्या दोघांपैकी एकाने झांज घेतली; त्याचे हात सरावाचे होते.

लय चढली तशी बिसेसरच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. एवढा आवाज त्याला पेलेना. कानात सुई घातल्यासारखी कळ आली. त्याने ते ओढून काढलं आणि खिशात टाकलं.

आता फक्त घुमारा होता. रामसुमेरच्या ओठांकडे त्याने पाहिलं. पण रामसुमेरला आता दाढी होती, पांढरी, दाट. ओठ दिसेचनात. वळण येत होतं, कुठेतरी जवळच होतं, एवढं त्याला कळत होतं. गाणं थांबवावं, असं मनात आलं.

तेवढ्यात ढुंगणाखालची फळी हादरली.

रामसुमेर पुढे झुकला होता. चटईचा कोपरा त्याने बाजूला सारला होता आणि उघड्या तळव्याने तो लाकडी जमिनीवर थाप मारत होता. एक. दोन. तीन. तिसऱ्या थापेला वळण आलं. बिसेसर वळला. दोन्ही रांगा वळल्या, पोरंसुद्धा, आणि गाणं पुन्हा संथ पाण्यासारखं सुरू झालं.

रामसुमेर त्याच्याकडे बघत नव्हता. देवाकडे बघत होता, कपाळावर आठी तशीच होती. पण प्रत्येक वळणाआधी तीन थापा येत राहिल्या.

असे दोन चौताल झाले. तिसरा सुरू झाला आणि तिसऱ्या कडव्याशी येऊन दोन्ही रांगा गप्प झाल्या. शब्द कुणालाच आठवेनात. बिसेसरने यंत्र पुन्हा कानात घातलं.

"विसरलास," रामसुमेर म्हणाला.

"कडवं बाच्या रांगेचं. तू विसरलास."

"लंबासा उचलते ती ओळ!"

"कधीपासून?"

"ट्रेलरपासून!"

"ट्रेलरमध्ये हा चौताल नव्हताच. हा तू चौऱ्याऐंशीला आणलास, तुझ्या मामाच्या वहीतून!"

"मामाच्या नाही, मावसाच्या!"

मुलं आळीपाळीने एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघत होती. कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. ते दोघं हसले नाहीत. कडवं शेवटपर्यंत सापडलं नाही. तिथूनच आरती घेतली आणि सगळे रंग खेळायला बाहेर बर्फावर गेले.

जेवायला रामसुमेर थांबला नाही. प्रनीताने दिलेलं पुऱ्यांचं पुडकं घेऊन तो निघाला. बिसेसर तळघरात पान घेऊन बसला होता. तळघराच्या खिडक्या जमिनीलगत होत्या. त्यांतून वाहनतळावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. त्याला रामसुमेरचे बूट दिसले, चालत गाडीकडे जाणारे. मग त्यांच्यामागे धनमतीचे बूट, घाईघाईने. चार बूट समोरासमोर थांबले. बराच वेळ थांबले. भाजी निवली. एकदा धनमतीच्या शालीचं टोक खाली आलेलं दिसलं, तिने डोळे पुसले असावेत. मग रामसुमेरचे बूट एक पाऊल पुढे आले आणि तसेच उभे राहिले.

ती आत आली तेव्हा तिच्या केसांत गुलाल होता. तिने काय सांगितलं ते बिसेसरने विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

*

ट्रक निघाला त्या सकाळी शेजारपाजारचे सगळे आले. रामसुमेर आला नाही. बिसेसरने गल्लीच्या टोकाकडे दोनदा बघितलं आणि मग तो अश्विनशेजारी चढून बसला.

सरेमध्ये मंदिरं मोठी होती, चौतालाच्या मंडळ्याच दहा-बारा होत्या. बिसेसर एकीत जाऊन मागे बसायचा. लोक आदर द्यायचे, खुर्ची द्यायचे. तिथे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला कमी ऐकू येतं. वळण आलं की पायाने जमिनीवर ठोका." कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. शेजारचा माणूस ठोकायचा.

मे महिन्यात एका सकाळी फोन वाजला. बिसेसरला फोनवर नीट कळत नसे, म्हणून तो धनमतीच घ्यायची. तिने "हॅलो" म्हटलं आणि पटकन खुर्चीत बसली.

"कोण आहे?" बिसेसरने विचारलं.

तिने हाताने थांबवलं. "हो... हो भैया... नदीचा बर्फ फुटला का?... बरं... चौताल शिकायला किती पोरं?... सात?... दर रविवारी?" मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "विचारते," ती शेवटी म्हणाली आणि फोन छातीशी धरून नवऱ्याकडे वळली.

"बावीस जूनला कलावतीला जाऊन सहा वर्षं होतात, तिची बरसी आहे. घरीच करणार आहेत, रामायण ठेवलंय. या म्हणतात."

"तुला?"

"दोघांना. तुमचं नाव घेऊन म्हणाले."

"अजून काय म्हणाले?"

धनमतीने फोन पुन्हा कानाला लावला, विचारलं, ऐकलं.

"म्हणतात, राग गेलेला नाही. पण चार दिवसांच्या हिशेबाने कपडे आणा. इतक्या लांब येऊन कुणी जेवून लगेच निघत नाही."

बिसेसर खिडकीशी उभा राहिला. बाहेर सरेचा पाऊस पडत होता. मग तो वळला आणि, फोनमध्ये नीट पोचावं म्हणून, होता तेवढ्या आवाजात ओरडला, "येतो म्हणावं! आदल्या दिवशीच येतो!"

"ओरडू नका," धनमती म्हणाली. "ते काही बहिरे नाहीत."